दोन चमचे सुधारणा

ज्या रविवारी माझ्या शेजारणीनं स्वतःच्या घरात राहायचं की नाही हे ठरणार होतं, त्याच रविवारी सकाळी मी तिच्या पिठात दोन चमचे फ्रूट सॉल्ट घातलं. कुणी सांगितलं नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं. सगळं आपल्यालाच जास्त कळतं असं वाटायचं वय होतं माझं, अठ्ठावन्न. आता सत्तरी उलटल्यावर त्या अठ्ठावन्न वर्षांच्या पोरीकडे मागे वळून बघते आणि वाटतं, हिला परक्या स्वयंपाकघरात एकटं सोडलंच कसं कुणी?

पण ते पुढे. आधी ती शेजारीण.

अमेरिकेत वेस्ट विंडसरला आमची टाउनहाउसची रांग आहे, भिंतीला भिंत लागून. बाळंतपणाची रजा संपून माझी मुलगी कामावर रुजू झाली होती. ती सकाळी अर्धा टोस्ट तोंडात धरून स्टेशनकडे पळायची, जावई वरच्या खोलीत हेडफोन लावून मीटिंगा करायचा, आणि खाली मी आणि माझी नात रेवा. भिंतीपलीकडे ती. मूळची नायजेरियाची, निवृत्त नर्स. नवरा कधीच गेलेला, एकुलती एक मुलगी लांब ह्यूस्टनला डॉक्टर. मी तिला ताई म्हणायचे. अर्थ सांगितल्यावर तिनं तो शब्द एकदा तोंडात घोळवून बघितला आणि म्हणाली, "चालेल. हलका आहे."

मला मात्र तिनं नावानं हाक मारली नाही. "तिकडे पोरंबाळं असलेल्या बाईला नावानं हाक मारत नाहीत," म्हणाली. "पोराच्या नावानं मारतात. तू मामा रेवा."

मी म्हटलं, "अहो, रेवाची आई माझी मुलगी आहे. मी आजी."

"अंघोळ कोण घालतं?"

"मी."

"रात्री कोण उठतं?"

"बहुतेक मीच."

"मग वाद कशाला घालतेस, मामा रेवा?"

बुधवारी आमच्याकडे कचऱ्याची गाडी येते. सगळी रांग सुरकुतलेल्या पायजम्यात, डोळे अर्धे मिटलेले, डबे ढकलत कडेला आणते. ती यायची ते डोक्याला कडक निळं कापड बांधून. होडीला शीड असावं तसं ते दिसायचं. कानांत डूल, ओठांना लाली, आणि हातात रिसायकलिंगचा डबा. नवल वाटून एकदा विचारलंच मी तिला. म्हणाली, "डबा बाहेर आला की अख्खी गल्ली बघते. त्याच्यासोबत मीही दिसणार. डबा माझ्यापेक्षा चांगला दिसला तर कसं व्हायचं?"

तिच्या छातीवर नर्सेसचं असतं तसलं उलटं टाचलेलं छोटं घड्याळ असायचं. ते बंद होतं. काटे एकाच जागी. तरी भांडं चुलीवर चढवलं की ती मान खाली घालून त्यात बघायची. मला वाटलं बिचारीच्या लक्षात आलं नसेल. "ताई, बंद पडलंय हो ते."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी वेळ बघत नाही. मी घाई करत नाहीये ना, ते बघते."

दुसऱ्याला ठेच लागली की ती "सॉरी" म्हणायची. स्वतःची चूक असली की एक शब्द नाही. माझ्या पायाचं बोट तिच्या उंबऱ्यावर आपटलं तर खोलीच्या पार दुसऱ्या टोकाकडून "सॉरी, मामा रेवा, सॉरी!" आणि तिनं माझ्या हातावर गरम पळी टेकवली तर, "तिथं हात कशाला ठेवलास?"

आमची ओळख वासानं झाली. मी अलिबागकडची. मुलीकडे येताना बॅगेत सुक्या कोलंबीचे सोडे आणले होते, चांगले निवडून, तीन पिशव्यांत गुंडाळून. मुलीनं पिशवी उघडूच दिली नाही. "आई, प्लीज! इथं कार्पेट असतं. वास महिनाभर जात नाही. गॅरेजमध्ये ठेव." सोडे गॅरेजमध्ये गेले, स्नो ब्लोअरच्या शेजारी. आणि मग एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वास आला. सुकी कोलंबी तव्यावर भाजल्याचा. रेवाला कडेवर घेतलं, पायात जावयाच्या भल्या मोठ्या चपला, आणि शेजारचं दार ठोकलं. दार उघडल्यावर तोंडातून इंग्रजी निघेना. मी नुसती म्हणाले, "जवळा?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. रेवाला माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "पोरीला थंडी वाजतेय. तुलाही वाजतेय, पण तो तुझा दोष." आणि आत गेली. पोर तिच्याकडे, तेव्हा मलाही मागोमाग जावंच लागलं.

त्या दिवशी ती मोईमोई करत होती. चवळीच्या वाटलेल्या पिठाचे, पानात वाफवलेले सुळके. वाचताना वाटतं त्याहून ते खूप कष्टाचं आहे. चवळी भिजवायची, हातानं चोळून साल काढायची, पाणी ओतून साल तरंगवून टाकायची, परत चोळायची, एकाही दाण्यावर काळा डोळा राहता कामा नये. मी तर आयुष्यभर बिरड्यासाठी वाल सोललेली बाई. मी बाह्या वर केल्या. "ताई, हे माझ्याकडे द्या. यात मला कुणी हरवत नाही." भराभरा सोलून, पांढरी शुभ्र चवळी पातेलंभर तिच्यापुढे ठेवली. तिनं चष्मा लावला. पातेल्यात दोन बोटं घातली आणि एक साल बाहेर काढलं, नखाएवढं.

"हे कुणाचं?" ती म्हणाली.

मग चवळी, लाल सिमला मिरची, कांदा आणि एक जीवघेणी तिखट गोल मिरची, असं सगळं ब्लेंडरमध्ये. त्या ब्लेंडरचं झाकण तिनं हॉस्पिटलच्या चिकटपट्टीनं गुंडाळलेलं होतं, मोडलेला हात गुंडाळावा तसं. पीठ घट्ट ताकाइतकं पातळ. त्यात तेल, मीठ, भाजून कुटलेली कोलंबी. प्रत्येक सुळक्यात उकडलेल्या अंड्याचा तुकडा, माशाचा तुकडा, आणखी काय काय. त्या प्रत्येकाला ती 'जीव' म्हणायची. साध्या दिवशी दोन जीव, पाहुणे आले तर चार, आणि मोठ्या समारंभाला सात. तिकडे तसंच म्हणतात, सात जिवांची मोईमोई. माझे सोडे गॅरेजमधून सुटून तिच्या फ्रीजमध्ये गेले ते जीव म्हणूनच. चतुर्थीला मी अंडं, मासा काही चालणार नाही म्हटलं, तर तिनं माझ्या सुळक्यात काजू घातला आणि तो दाखवत म्हणाली, "हा अर्धा धरते."

पिठाला पान लागतं. फ्रोजन मिळणारी केळीची पानं ती विस्तवावरून फिरवून मऊ करायची, पान तळहातात वळवून कोन करायची, त्यात पळीभर पीठ, वरचा भाग आधी मागे दुमडायचा, मग खाली. दोरा नाही, काडी नाही, काही नाही. पातेल्यात ते कोन एकमेकांना टेकवून उभे करायचे, दुपारी झोपाळलेली बालवाडीतली पोरं टेकतात तसे. तळाशी पाण्यात एक नाणं. पाणी आहे तोवर ते खुडखुडतं, ते गप्प झालं की पाणी संपलं. माझी आई मोदकांच्या वेळी हेच करायची. मी ते सांगितल्यावर ताईनं पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकानं बघितल्यासारखं बघितलं. "मग तुझी आई शहाणी होती," म्हणाली. पुढचं बोलली नाही, पण मला ऐकू आलं.

तिच्या ओळखीतल्या बायका हल्ली फॉइलच्या वाट्यांत नाहीतर मफिनच्या ट्रेत मोईमोई करतात. तिला ते अजिबात सहन व्हायचं नाही. त्या ट्रेतल्यांना ती 'पेशंट' म्हणायची. "सगळे आडवे. एकालाही स्वतःचा आकार नाही."

आणि दर सकाळी आमचं बोलावणं यायचं. भिंतीवर पळी आपटल्याचं. टक, टक. म्हणजे चवळी भिजली, ये. वरून जावई ओरडायचा, "आई, तुमचा कॉल आला!"

हातांचं मला फार उशिरा कळलं. कळलं म्हणजे काय, दिसत होतं, पण ती दिसू द्यायची नाही. कोनातलं पीठ बाहीवर सांडायचं. "पान वाईट आहे." पुन्हा सांडायचं. "अमेरिकन केळ. यांना पान काय करायचं असतं तेच माहीत नाही." एकदा तिसरा कोन हातातून सुटून फरशीवर पडला. तिनं तो पायानं बाजूला सारला. मग माझा हात धरून पुढे ओढला, माझ्या तळहातात पान ठेवलं आणि दरडावली, "किती दिवस नुसती बघत बसणार? शीक आता." तिचे हात माझ्या हातांवर होते. तेव्हा त्यांची थरथर मला जाणवली, आतल्या आत, बंद पेटीत काहीतरी धडपडत असावं तशी. मी वर पाहिलं नाही. तिनंही नाही. त्या दिवसापासून पानं माझ्याकडे. ती स्टुलावर बसून चुका काढायची आणि सगळ्यांना सांगायची की मी हिला शिकवतेय.

ह्यूस्टनच्या मुलीला मात्र तिनं पत्ता लागू दिला नव्हता. फोनवर हात दिसत नाहीत. तरी डॉक्टरच ती. आवाजातून, गाळलेल्या शब्दांतून काहीतरी तिच्या लक्षात आलं. तिचं म्हणणं, आईनं ह्यूस्टनला यावं, तिथं खाली एक खोली तयार आहे, उशाशी घंटी आहे, दाबली की कुणीतरी येईल. ताई मला हे सांगत होती तेव्हा तिच्या हातात पुसायचं फडकं होतं आणि ती तेच ते भांडं पुसत होती.

"सगळं आयुष्य मी लोकांच्या घंटीला धावले, मामा रेवा," ती म्हणाली. "आता मी घंटी दाबू?"

शेवटी माय-लेकींचं ठरलं. मुलगी ईस्टरला येईल. रविवारी चर्चनंतर ताई आपल्या जुन्या बायकांना घरी जेवायला बोलावेल. नेहमीसारखं जेवण, मोईमोई पानातली, सात जिवांची. हे तिला एकटीनं जमलं तर खोलीचा विषय बंद. नाही जमलं तर घर विकायला काढायचं.

एकटीनं ते जमणार नव्हतं हे आम्हां दोघींनाच माहीत होतं. म्हणून आम्ही कट केला. मी आजवर केलेला एकमेव कट, आणि तोही बायबलवाल्या दिवशी. ताई पहाटे उठून पीठ वाटून ठेवणार, मग मुलीबरोबर चर्चला जाणार. मी मागच्या दारानं शिरणार, पानं भरणार, वाफवणार आणि त्या परत यायच्या आत पसार होणार. मागच्या दाराची किल्ली तिनं माझ्या हातात दिली, मूठ मिटवली आणि म्हणाली, "काहीही नवीन करू नकोस."

आता माझ्या शहाणपणाबद्दल. इतके महिने ती मोईमोई मी खात होते, आणि चव मला फार आवडायची. पण मनात एक गोष्ट खुपत होती. ती फुगायची नाही. कापली तर आत जाळी नाही, नुसती गुळगुळीत, घट्ट, थरथरणारी. आपल्याकडे ढोकळा असा झाला तर बाई पाहुण्यांपुढे आणणार नाही, गुपचूप फोडणी घालून उपमा करेल. मला वाटायचं, एवढी मोठी सुगरण, पण बिचारीला ही एक युक्ती कुणी सांगितलीच नाही. आणि त्या दिवशी तिच्या अब्रूचा प्रश्न होता. त्या बायकांनी तोंडात बोटं घालावीत अशी हलकी मोईमोई मी तिला देणार होते. स्वेटरच्या खिशात फ्रूट सॉल्टची पुडी मी घरूनच नेली होती. म्हणजे भरात येऊन केलं म्हणायलाही जागा नाही.

पुडी उघडली. दोन चमचे. एकाच दिशेनं हलवलं, आपल्याकडे हलवतात तसं. पीठ सळसळून वर आलं आणि मी, देवा शप्पथ, हसले. पानं भरली. इतके सुंदर कोन माझ्या हातून कधी झाले नव्हते. झाकण लावलं.

थोड्या वेळानं झाकण हललं. मला वाटलं वाफ. मग ते उचललं गेलं. बघते तर एकेक पान उलगडत होतं, फुलं उमलतात तसं. आतून नारिंगी फेस चढून बाहेर येत होता, एका सुळक्यातला दुसऱ्यात, दुसऱ्यातला पातेल्यात. अंडी वर आली होती. मासे खाली गेले होते. सातच्या सात जीव आपापली वाट धरून निघाले होते. मी दोरा शोधला. पानं बांधू लागले. बोटं भाजली. पसार व्हायची वेळ कधीच टळून गेली होती आणि माझ्या गळ्यात तिचा दोरा, हातात उकळतं पान, अशा अवस्थेत पुढचं दार उघडलं.

आधी ताई आली, डोक्यावर निळं शीड. मागे मुलगी. त्यांच्या मागे बाहेरच्या खोलीत बायकांचा कलकलाट.

"ममी," मुलगी म्हणाली, "ह्या कोण? स्वयंपाक कोण करतंय?"

शेजारीण आहे, सहज डोकावली, असं सांगता आलं असतं. मीही तेच बोलायला तोंड उघडलं होतं. ताईनं पातेल्यात बघितलं. मग छातीवरच्या घड्याळात बघितलं.

"काय घातलंस?" तिनं मला विचारलं.

मी सांगितलं.

"का?"

"फुगावं म्हणून."

"फुगावं म्हणून," ती सावकाश म्हणाली. मी सॉरी म्हणत सुटले. तिनं मला गप्प केलं, पर्स टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात मुलीसमोर धरले. आवरून धरायचा प्रयत्न केला नाही. ते थरथरत होते, मनगटातल्या बांगडीपर्यंत.

"बघ," ती म्हणाली. "बऱ्याच दिवसांपासून आहे. मी वाटते, पानं ही भरते. रोज. आजचा हा फेस मात्र हिचा स्वतःचा, तो मी शिकवलेला नाही."

आईचे हात मुलीनं आधी डॉक्टर घेते तसे हातात घेतले, मग मुलगी घेते तसे.

जेवण झालं. भात होता, तळलेली केळी होती, कोंबडी होती. मोईमोई ताईनं चमच्यानं वाढली. एक म्हातारी तुकडा नाकाजवळ नेऊन म्हणाली, "हा ब्रेड आहे की साबण?" ताई ठसक्यात म्हणाली, "इंडियन आहे. खा." आणि त्या सगळ्या इतक्या हसल्या की एकीचं शीडच सुटलं.

भांडी घासताना ताईची मुलगी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "आंटी, तुम्ही रोज येता?"

"रोज."

"बर्फ पडला तरी?"

"भिंत एकच आहे गं."

"आणि रात्री तिला काही झालं तर?"

मी पळीचं सांगितलं. तिनं पळी खिळ्यावरून काढून हातात घेतली. मग म्हणाली, "तुम्ही आता घरी जा, आंटी." मला हाकललंच, मी समजले. घरी आले, रेवाला मांडीवर घेऊन बसले, माझी मुलगी 'काय झालं, आई?' विचारत होती आणि मला सांगता येईना. माझ्या दोन चमच्यांनी त्या बाईचं घर गेलं होतं.

आणि भिंतीवर टक झालं. अगदी हलकं, नखानं वाजवावं इतकं.

मी रेवासकट पळाले, जावयाच्या चपलांत. दारात ताईची मुलगी उभी होती, हातात पळी. माझ्याकडे, रेवाकडे, चपलांकडे तिनं पाहिलं. मग आत जाऊन पळी तिच्या खिळ्यावर टांगून ठेवली.

आता मी मोईमोई घरीच करते. माझीही बोटं सकाळी लवकर वळत नाहीत. रेवा कॉलेजला जायच्या वयाची झालीय, ती पानं भरते आणि मला पिठाजवळ उभी राहू देत नाही. "आजी, हँड्स व्हेअर आय कॅन सी देम," म्हणते. हे तिला कुणी शिकवलं ते मला ठाऊक आहे.

तर त्या ईस्टरनंतरच्या सोमवारी विमानतळावर न्यायला गाडी ताईच्या दारात आली. खिडकीच्या पडद्याआडून मी बघत होते. एकच बॅग ठेवली गेली, आणि मुलगी एकटीच बसली. ताईकडे जायचं धाडस मला दिवसभर झालं नाही. मंगळवारी सकाळी भिंत वाजली. टक, टक. वरून जावई ओरडला. मी गेले, दारातच उभी राहिले, मान खाली. ती स्टुलावर बसली होती, समोर पातेलं, डोक्याला साधा रुमाल. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"चवळी भिजलीय, मामा रेवा. आत ये. पण आधी खिसे उलटे करून दाखव."